फ्रान्सचा इतिहास आपण कशासाठी वाचायचा?

(मीरा-भाईंदर येथील अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



अभ्यासवर्गाने यंदा फ्रान्सच्या इतिहासाचे वाचन हाती घ्यायचे ठरवले, तेव्हा मंडळातील एका ज्येष्ठ उपासकांनी आम्हाला सरळ विचारले, "पोरांनो, आपल्या वस्तीत सांगण्यासारखे काही उरले नाही म्हणून तुम्ही पॅरिसला निघालात काय?" प्रश्न रास्त होता. आपल्यातील बहुतेक कुटुंबे रायगड-रत्नागिरीतून आधी गिरणगावात आली, आणि तिथली जागा अपुरी पडली तेव्हा विरार लोकल धरून इकडे भाईंदर, मीरा रोडला स्थिरावली. आपला इतिहास लिहायचाच अजून कितीतरी बाकी आहे. अशा वेळी चौदाव्या-सोळाव्या लुईचे आपल्याला काय?

याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते असे नाही. ते उत्तर प. पू. बाबासाहेबांनी महाडच्या मांडवात देऊन ठेवले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी भरलेल्या सत्याग्रह परिषदेत त्यांनी अध्यक्ष म्हणून जे भाषण केले, ते महाराष्ट्र शासनाने काढलेल्या अठराव्या खंडात आहे. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. समोर बसलेले लोक कोण होते? कोकणातले महार, चांभार, शेतमजूर, पलटणीतून परत आलेले पेन्शनर, गिरणी कामगार आणि डोक्यावर पदर घेतलेल्या आयाबहिणी. त्यांतील फार थोड्यांना वाचता येत होते. अशा लोकांसमोर बाबासाहेबांनी फ्रान्स काढला! १७८९ साली व्हर्साय येथे भरलेली फ्रेंच लोकांची राष्ट्रीय सभा आणि महाडची ही सभा यांत साम्य आहे, असे त्यांनी सांगितले. आपण केवळ तळ्याचे पाणी पिण्यासाठी जमलेलो नाही, तर समाजाची घडी नव्याने बसवण्यासाठी जमलो आहोत, हे पटवून देण्यासाठी जगाच्या इतिहासातून त्यांना हीच सभा उचलावीशी वाटली. आमच्या मते हा त्या लोकांचा केवढा मोठा सन्मान होता! ज्यांना गावकुसाच्या आत यायला बंदी, त्यांना बाबासाहेबांनी एका भाषणात जगाच्या इतिहासात आणून बसवले.

तेव्हा ती व्हर्सायची सभा काय होती, हे नीट समजून घेतले पाहिजे. शाळेच्या पुस्तकात बॅस्टिलचा तुरुंग, १४ जुलै आणि राजाचे डोके एवढेच आपल्या लक्षात राहते.

त्या काळी फ्रान्समध्ये तीन वर्ग होते. पहिला धर्मगुरूंचा, दुसरा उमरावांचा आणि तिसरा उरलेल्या सर्वांचा. या तिसऱ्या वर्गात शेतकरी होते, विणकर होते, हमाल होते, तसेच वकील आणि व्यापारीही होते. लोकसंख्येत हा वर्ग शंभरात सत्त्याण्णवांहून अधिक. पण कराचा मुख्य भार त्याच्याच पाठीवर. पहिले दोन वर्ग बहुतेक करांतून मोकळे. राज्याची तिजोरी रिकामी झाली तेव्हा सोळाव्या लुईने तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा बोलावली. तिला एस्टेट्स जनरल म्हणत. ही सभा त्याआधी भरली होती १६१४ साली, म्हणजे पावणेदोनशे वर्षे राजाला प्रजेला काही विचारावेसे वाटले नव्हते. ५ मे १७८९ रोजी सभा सुरू झाली आणि पहिला वाद पेटला तो मतमोजणीचा. वर्गाला एक मत की माणशी एक मत? वर्गाला एक मत म्हटले की दोन वर वाले एकत्र येणार आणि सत्त्याण्णव लोकांचा कायमचा पराभव होणार. सिएस नावाच्या एका पाद्र्याने त्याच वर्षाच्या आरंभी पुस्तिका काढून विचारले होते की, हा तिसरा वर्ग म्हणजे आहे तरी काय, आणि आजवर त्याला राज्यात स्थान काय मिळाले? सर्व काही तोच आहे आणि मिळाले मात्र काही नाही, असा त्याचा आशय होता. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःलाच राष्ट्रीय सभा म्हणून जाहीर केले. २० जूनला ते आले तर सभागृहाला कुलूप. मग जवळच्याच एका खेळाच्या बंदिस्त दालनात ते शिरले आणि राज्यघटना झाल्याशिवाय पांगायचे नाही, अशी शपथ घेतली.

महाडलाही कुलूप लागलेच होते. डिसेंबर १९२७ मध्ये सनातन्यांनी दिवाणी न्यायालयातून चवदार तळ्यावर तात्पुरता मनाईहुकूम आणला. तळ्यावर जाता येईना, तेव्हा परिषदेने मांडवातच ऐतिहासिक काम केले. माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन केले. फ्रेंच सभेने २६ ऑगस्ट १७८९ रोजी मानवी हक्कांचा सतरा कलमांचा जाहीरनामा काढला होता, त्याचे हे महाडचे भावंड.

आता थोडे आपल्या भाईंदरकडे वळू. आपल्या इथल्या मिठागरांत पाय भाजत, हातपाय फुटत मीठ काढणाऱ्या माणसांचे हाल जुन्या लोकांनी पाहिले आहेत. फ्रान्समध्ये मिठावर 'गाबेल' नावाचा कर होता. देशाच्या मोठ्या भागात नियम असा, की आठ वर्षांवरील प्रत्येक माणसामागे ठरावीक मीठ सरकारी कोठीतून, सरकारी भावाने घेतलेच पाहिजे. घरात लागो वा न लागो. उमराव आणि पाद्री यांना मात्र सूट. चोरून मीठ आणणाऱ्याला जहाजावर वल्हे मारण्याची सक्तमजुरी होत असे. आपल्याकडे मिठाचा सत्याग्रह १९३० साली झाला; फ्रेंच शेतकऱ्याने आपल्या मिठाचा राग १७८९ साली काढला आणि पुढच्याच वर्षी तो कर रद्द झाला. क्रांती म्हटले की तत्त्वज्ञांची नावे आधी येतात, पण तिच्या मुळाशी मीठ आणि भाकरी होती. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसच्या बाजारातल्या बायका भाकरीसाठी भर पावसात व्हर्सायपर्यंत चालत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला घेऊनच पॅरिसला परतल्या. हे आम्ही आवर्जून सांगतो, कारण आमच्या वर्गात भगिनींची संख्या अजून बोटांवर मोजण्याइतकी आहे.

४ ऑगस्ट १७८९ ची रात्र तर मोठी विलक्षण. खेड्यापाड्यांत उमरावांच्या गढ्या पेटत होत्या. त्या धास्तीने म्हणा की उमाळ्याने म्हणा, राष्ट्रीय सभेत काही उमराव स्वतःच उठले आणि आपापल्या वतनी हक्कांचा त्याग जाहीर करू लागले. रात्रभर हे चालले. पण मित्रहो, सकाळी कागद लिहायला बसले तेव्हा बऱ्याच हक्कांसाठी शेतकऱ्याने आधी मोबदला भरावा, अशी मेख त्यात निघाली. ती मेख पूर्णपणे उपटायला जुलै १७९३ उजाडला. आता आपल्याकडची तारीख पाहा. सार्वजनिक पैशाने बांधलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुली करावीत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला तोही ४ ऑगस्टलाच, सन १९२३! महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पाणी मात्र नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः हजारोंच्या पुढे चालत तळ्यावर गेले आणि ओंजळ भरली, तेव्हा त्या कागदाला जीव आला; त्यानंतर लोकांची डोकी फुटली, आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये. इतिहास वाचताना मंजुरीची तारीख आणि अंमलाची तारीख अशा दोन तारखा लिहून ठेवाव्यात. आम्ही आमच्या वहीत तसे दोन रकाने पाडले आहेत, आणि दुसरा रकाना पुष्कळदा रिकामाच राहतो.

फ्रान्समध्ये अस्पृश्य होते का? आमच्या वर्गात हा प्रश्न एका अकरावीतल्या मुलीने विचारला. याचे उत्तर होय असे द्यावे लागते. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, पायरेनीज पर्वताच्या पायथ्याशी 'कागो' नावाचे लोक होते. त्यांची वस्ती गावाबाहेर. चर्चमध्ये त्यांना वेगळा, ठेंगणा दरवाजा, पवित्र पाण्याचे कुंडही वेगळे. प्रसादाची भाकरी काठीच्या टोकावरून देत, असे जुने लेख सांगतात. त्यांनी अनवाणी चालू नये, कारण म्हणे जमीन विटाळते. अंगावर बदकाच्या पायाच्या आकाराचे लाल कापड लावायचे, म्हणजे लांबूनच ओळख पटावी. धंदा बहुधा सुतारकामाचा. ज्या चर्चचे लाकूडकाम त्यांनीच केले, त्या चर्चमध्ये ते मागच्या दाराने शिरत. लग्ने आपसातच. आता ऐका, या लोकांचा रंग वेगळा नव्हता, भाषा वेगळी नव्हती, धर्मही तोच ख्रिस्ताचा. ते वेगळे का, हे त्यांना बाहेर ठेवणाऱ्यांनाही सांगता येत नसे. कोणी म्हणे कुष्ठरोग्यांचे वंशज, कोणी म्हणे परक्या टोळीचे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मूळ वंशात वा रंगात न शोधता आपसातच लग्न करण्याच्या बंधनात शोधले, आणि त्या निबंधात त्यांनी एमिल सेनार या फ्रेंच पंडिताची जातीची व्याख्या तपासायला घेतली होती. हेच सेनार आपल्या कार्ले आणि नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख वाचणारे. कागो लोकांची हकीकत वाचली की बाबासाहेबांचा तो सिद्धांत किती दूरवर लागू पडतो ते कळते. क्रांतीच्या कायद्यांनी कागो इतरांसारखेच नागरिक झाले. शेजाऱ्यांच्या तोंडची शिवी मात्र पुढे पिढ्यानपिढ्या टिकली.

बाबासाहेबांच्याही आधी हा फ्रेंच वारा महाराष्ट्रात आला तो पुण्यात, एका फुलमाळ्याच्या घरात. थॉमस पेन या इंग्रज लेखकाने फ्रेंच क्रांतीची बाजू मांडण्यासाठी १७९१-९२ साली मानवी हक्कांवर ग्रंथ लिहिला. तो जोतीरावांनी विशीच्या उंबरठ्यावर वाचला. पेनसाहेबांना फ्रेंच भाषा धड बोलता येत नव्हती, तरी फ्रेंचांनी त्यांना आपल्या सभेवर निवडून दिले. तिथे जाऊन त्यांनी काय केले? राजेशाही जाऊ द्या पण राजाला मारू नका, असे मत दिले. याचे बक्षीस म्हणून पुढे क्रांतिकारकांनी त्यांनाच जवळजवळ वर्षभर तुरुंगात टाकले. स्वपक्षाच्या विरुद्ध उभे राहण्याची ही हिंमत महात्मा फुल्यांच्या चरित्रातही पदोपदी दिसते. एवढ्या दूरच्या दोन माणसांचा हा सांधा आम्हाला फार मोलाचा वाटतो.

वॉल्टेअरचे नाव बाबासाहेब वेगळ्या कारणासाठी घेतात. 'अस्पृश्य मूळचे कोण' या १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी विचारले आहे, की इतके विद्वान ब्राह्मण झाले, पण त्यांतून एकही वॉल्टेअर का निपजला नाही? ज्या कॅथलिक धर्मात तो वाढला, त्याच्याच विरुद्ध बुद्धीच्या प्रामाणिकपणाने उभा राहिला, ही बाबासाहेबांच्या दृष्टीने वॉल्टेअरची किंमत. त्याची विनोदी नाटके, राजेरजवाड्यांशी दोस्ती, त्याने जमवलेला पैसा, हे सर्व चरित्रांत रंगवून येते. बाबासाहेबांनी त्यातून एवढी एकच गोष्ट उचलली. थोर माणसाचे चरित्र वाचावे ते असे. आम्हाला असेही वाटते की, हा प्रश्न आता फक्त इतरांना विचारून भागणार नाही. आपल्या घरातल्या चालीरीतींविरुद्ध बोलणारा मुलगा किंवा मुलगी आपण किती वेळ ऐकून घेतो? हे जाता जाता.

क्रांती कुठे थांबली तेही सांगितले पाहिजे, नाहीतर आपले वाचन एकांगी होईल. हक्कांचा जाहीरनामा झाला खरा, पण मत कोणाला? पंचवीस वर्षांवरचा पुरुष, तीन दिवसांच्या मजुरीइतका प्रत्यक्ष कर भरणारा, आणि तो कोणाच्या घरचा नोकर नसावा. म्हणजे ज्याच्या घामावर क्रांती झाली तो पुष्कळदा बाहेरच. १७९१ च्या जूनमध्ये कायदा झाला, की कामगारांनी संघटना करू नयेत आणि मजुरीसाठी एकजूट करू नये. त्याला नाव दिले स्वातंत्र्याचे! संप करण्याची मोकळीक मिळाली १८६४ साली आणि संघटनांना कायदेशीर मान्यता १८८४ मध्ये. स्त्रियांचे म्हणाल तर ऑलिंप द गूज या लेखिकेने १७९१ मध्येच पुरुषांच्या जाहीरनाम्याला उत्तर म्हणून स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. बाईला फाशीच्या फळीवर चढण्याचा हक्क आहे तर व्यासपीठावर चढण्याचाही असला पाहिजे, असा तिचा बिनतोड युक्तिवाद होता. नोव्हेंबर १७९३ मध्ये तिला गिलोटीनवर चढवले. व्यासपीठ मिळाले नाहीच. फ्रान्समध्ये स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केले ते १९४५ साली. बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे १९२८ सालीच सर्व प्रौढांना मताधिकार मागितला होता, आणि १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत आपली निरक्षर आजीसुद्धा मतपेटीपर्यंत गेली. तिला त्यासाठी कर भरल्याची पावती दाखवावी लागली नाही.

सर्वांत कठोर परीक्षा झाली समुद्रापलीकडे. सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत उसाच्या मळ्यांवर सुमारे पाच लाख आफ्रिकी गुलाम राबत होते. पॅरिसमध्ये समतेची भाषणे चालू असताना ते गुलामच राहिले. ऑगस्ट १७९१ मध्ये त्यांनी बंड केले, तुसाँ लूव्हर्तूर हा गुलामीत जन्मलेला माणूस त्यांचा सेनापती झाला, आणि फेब्रुवारी १७९४ मध्ये फ्रान्सला गुलामगिरी रद्द करावी लागली. नेपोलियनने १८०२ साली फ्रेंच वसाहतींत ती पुन्हा कायद्याने आणली. तुसाँना पकडून फ्रान्सच्या डोंगरातील एका थंड किल्ल्यात कोंडले, तिथेच १८०३ साली ते वारले. पण त्यांचे लोक हरले नाहीत. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. आणि पुढे काय झाले, तर १८२५ साली फ्रान्सने युद्धनौका पाठवून हैतीकडून पंधरा कोटी फ्रँकची भरपाई कबूल करून घेतली, कशाची म्हणाल तर मळेवाल्यांची मालमत्ता बुडाली त्याची. नंतर ती नऊ कोटींवर आणली. सुटलेल्या गुलामाने आपल्या मालकाला नुकसानभरपाई द्यायची! मित्रहो, आमच्या वर्गात हे वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही.

नेपोलियनविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण फ्रान्सच्या इतिहासातला आपल्या तरुणांना सर्वांत आवडणारा माणूस तोच. स्टेशनबाहेरच्या पुस्तकांच्या गाडीवरही तोच असतो, घोड्यावर बसलेला. अशक्य हा शब्द त्याच्या कोशात नव्हता वगैरे. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना त्याच्या लढाया तोंडपाठ. त्याने कायद्याचे एकत्रीकरण केले, शाळा काढल्या, गुणाप्रमाणे पदे दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण १७९९ साली त्याने सत्ता बळकावली, १८०२ मध्ये तहहयात प्रमुख झाला आणि १८०४ मध्ये सम्राट. अवघ्या बारा वर्षांपूर्वी ज्यांनी राजेशाही मोडली, त्यांनीच हे होऊ दिले. त्यासाठी लोकांचा कौल घेतला गेला. जाहीर झालेले होकार ३५ लाखांवर आणि नकार अडीच हजारांच्या आसपास. रद्द झालेला मिठावरचा कर त्याने १८०६ साली परत आणला. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १८०४ च्या कायद्यात पत्नीने पतीच्या आज्ञेत राहावे, असे कलमच होते. आपल्या देशाच्या पहिल्या कायदामंत्र्याने स्त्रियांना हक्क देणारे हिंदू कोड बिल मंजूर होत नाही म्हणून १९५१ साली राजीनामा दिला. दोघांच्या कायद्यांची ही दोन टोके शेजारी ठेवून पाहावीत.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी इशारा दिला होता, की धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात भक्ती म्हणजे अधःपतनाचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग. हे वाक्य आपण इतरांच्या नेत्यांना सुनावतो. फ्रेंच इतिहास वाचताना मात्र ते आपल्याही अंगावर येते. ज्या नेत्याची मिरवणूक मोठी त्याच्यामागे जायचे, त्याने चुकीचे केले तरी समाजाचा माणूस म्हणून झाकायचे, त्याला प्रश्न विचारणाऱ्याला फितूर ठरवायचे, याला आमच्या मते भक्तीच म्हणावे लागेल.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आपल्याला टोमणा मारला जातो, की तुमच्या बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द फ्रेंचांकडून उसने आणले. कॉलेजात, कचेरीत आपल्या मुलांना हे ऐकावे लागते. कधी कधी आपलेच वक्ते कौतुकाने तसे सांगतात, ते तर अधिक वाईट. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी स्वतःच याचा निकाल लावला आहे. माझे तत्त्वज्ञान या तीन शब्दांत आहे, पण ते मी फ्रेंच क्रांतीपासून घेतलेले नाही. त्याची मुळे धर्मात आहेत आणि ते माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून मी घेतले आहे, असा त्याचा भावार्थ.

काही जण म्हणतात, मग १९२७ साली महाडला फ्रान्सचे नाव का घेतले? यात विसंगती काहीच नाही. महाडला त्यांनी फ्रान्सचा दाखला दिला तो सभेसाठी, हक्कांच्या मागणीसाठी आणि विरोधकांना समज देण्यासाठी. फ्रेंच क्रांतीत रक्त सांडले म्हणून तिला नावे ठेवणाऱ्यांना त्यांनी तिथेच सांगितले, की वरच्या वर्गाने आडमुठेपणा केला नसता, परकी फौजांची मदत मागितली नसती, तर ती वेळ आली नसती. क्रांतीचे मोजमाप त्यांनी पुढे केले, तेव्हा हिशेब कडक ठेवला. फ्रेंच क्रांती समता निर्माण करू शकली नाही, हे 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. ज्याच्याकडून उसने घेतो त्याचा हिशेब कोणी असा तपासत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १७८९ च्या त्या सतरा कलमांत बंधुता हा शब्द नाही. तुम्ही स्वतः वाचून पाहा. तो घोषणांत होता, भाषणांत होता, रोब्सपियरने १७९० मध्ये तिन्ही शब्द झेंड्यावर लिहावेत असे सुचवले होते; परंतु फ्रान्सच्या राज्याचे अधिकृत ब्रीद म्हणून तो आला १८४८ साली. आपल्याकडे काय झाले? घटना समितीपुढे नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुतेचा उल्लेख नव्हता. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात उद्देशिकेमध्ये तो शब्द मुद्दाम घातला, आणि देशाला आज बंधुभावाची गरज पूर्वी कधी नव्हती एवढी आहे, असे त्याचे कारणही पत्रात नमूद केले. फाळणीची आग तेव्हा विझलेली नव्हती. तरीही त्यांना हा शब्द अपुराच वाटत असे. 'हिंदू धर्मातील कोडी' या त्यांच्या हयातीत न छापलेल्या ग्रंथात त्यांनी म्हटले आहे, की स्वातंत्र्य आणि समता ज्याच्या आधाराने टिकतात त्याला फ्रेंच लोक बंधुता म्हणाले, पण त्याला योग्य शब्द बुद्धांचा आहे, आणि तो म्हणजे मैत्री.

इथे आपण आपल्या शहराकडे पाहू. या शहरात गुजराती, मारवाडी, आगरी, कोळी, ख्रिस्ती, मुसलमान, उत्तर भारतीय, सगळे एकाच प्लॅटफॉर्मवर उभे राहतात. लोकलच्या डब्यात चौथ्या सीटसाठी सरकून जागा देतात. पण भाड्याने खोली घ्यायला गेलो की पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा स्वयंपाकाचा. हे झाले बाहेरचे. घरातले काय? अमके महाडचे, तमके खेडचे, ते देशावरचे. एका इमारतीच्या अंतरावर दोन जयंती मंडळे, दोन वर्गण्या, दोन लाउडस्पीकर. सोयरीक जुळवताना बौद्ध म्हणून घेणारी माणसे हळूच जुनी पोटजात विचारतात. हक्कांसाठी कोर्टात जाता येते. मैत्रीसाठी कोणत्या कोर्टात जायचे, हे फ्रेंचांनाही सापडले नाही.

बुद्धाचे नाव निघालेच आहे तर फ्रान्सचे आपल्यावरचे एक ऋण सांगून थांबतो. यूजेन ब्युर्नूफ नावाचे एक विद्वान पॅरिसला संस्कृतचे प्राध्यापक होते. भारतात ते कधी आले नाहीत. नेपाळात असलेल्या हॉजसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३७ साली त्यांना बौद्ध संस्कृत हस्तलिखितांचा मोठा गठ्ठा पाठवला. त्यावरून त्यांनी १८४४ साली भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपातला या विषयाचा खरा पाया तो. त्या ग्रंथात त्यांनी दिव्यावदानातील ज्या कथांचे भाषांतर दिले, त्यांत एक आहे पूर्णाची. हा पूर्ण कुठला? शूर्पारकचा, म्हणजे आपल्या सोपाऱ्याचा! भाईंदरची खाडी ओलांडली की नायगाव, वसई रोड आणि तिसरे स्टेशन नालासोपारा. तिथल्या बुरूड राजाच्या कोटाखाली स्तूप आहे, हे पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली खणून जगाला दाखवले. त्याच्या अडतीस वर्षे आधी पॅरिसमधला एक माणूस सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याची गोष्ट फ्रेंचमध्ये लिहीत बसला होता, आणि आपल्या पंचक्रोशीत ती कोणाला ठाऊक नव्हती.

गोष्ट अशी. दासीपुत्र म्हणून भावांनी वाटणीत डावललेला पूर्ण स्वतःच्या हिमतीवर मोठा व्यापारी होतो, समुद्रापार जातो, आणि एका सफरीत सोबतच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून बुद्धवचने ऐकून भिक्खू होतो. मग तो भगवंतांकडे अपरान्तातल्या अतिशय रागीट लोकांमध्ये जाण्याची परवानगी मागतो. भगवंत विचारतात, त्यांनी तुला शिव्या दिल्या तर? पूर्ण म्हणतो, हातांनी मारले नाही म्हणून मी त्यांना भले म्हणेन. हातांनी मारले तर? काठीने मारले नाही म्हणून भले म्हणेन. असे विचारत विचारत प्रश्न जिवावर येतो तरी पूर्णाचे उत्तर बदलत नाही, तेव्हा भगवंत त्याला जायला सांगतात. तो जातो, आणि ते लोक त्याचे होतात.

येत्या रविवारी अभ्यासवर्ग सोपाऱ्याच्या स्तूपावर जाणार आहे. सकाळी आठ वाजता भाईंदर स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी जमायचे आहे. पूर्णाची कथा तिथे बसून वाचू. दोन्ही जयंती मंडळांच्या कार्यकर्त्यांना आम्ही स्वतः जाऊन निमंत्रण दिले आहे. एका मंडळाने होकार कळवला आहे, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत आहोत. पाण्याची बाटली आणि डबा प्रत्येकाने आपापला आणावा, खाताना मात्र एकत्र बसू.

जय भीम.